बापाविना बैठक

पोलादपूर
४ सप्टेंबर १९८३

भिकाजी,

जयभीम. इकडे सगळे खुशाल, असं लिहूनच मी आजवर तुझ्या पत्राला सुरुवात करत आले. आज तसं लिहिलं तर खोटं होईल.

जुलैत कशेडीच्या घाटात दरड कोसळून शेजारच्या साळूबाईचा गणू गेला, हे तुला कळवलं होतं. आपला श्रीपत त्याच्याबरोबर होता आणि वाचला. तेव्हा वाडीतली माणसं तुझ्या येसूला म्हणाली, पोराची आई म्हणून तुझं नशीब थोर. आपणही तेच म्हणत बसलो. पोराच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, मग त्याला काही झालं असेल असं कुणाच्या मनात येणार?

पण पोर ठीक नाही. दहावीचं वर्ष, आणि शाळेत जायचं नाव नाही. दप्तर घेऊन निघतो आणि घाटाच्या रस्त्याला लागतो. जिथं दरड आली तिथं जाऊन पावसात बसून राहतो. ट्रकवाले ओळखायला लागलेत त्याला. परवा एका क्लीनरनं हाताला धरून वाडीत आणून सोडला. म्हणाला, "कडेला बसला होता. संभाळा याला." त्या दिवसापासून येसू त्याला नजरेआड करत नाही. भात निसवायला आलंय, पण ती खाचरात उतरलेली नाही.

बोलत नाही. विचारलं तर "हं" म्हणतो. रात्री दचकून उठतो आणि दारात जाऊन बसतो. येसू परवा मला म्हणाली, "वन्सं, पोर माझं जितं हाय, पन घरात नाय." तिची आई रंगूबाई आल्ये, तिचा भगताकडं न्यायचा हट्ट चाललाय. मी आडवी आले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली, ती संपली.

आता दुसरं. महाडच्या एका संस्थेनं इकडच्या गावांत काम सुरू केलंय. अनुपमाताई म्हणून एक बाई आहेत, मुंबईत शिकलेल्या. मुलाला कुठं नेत नाहीत, आपणच घरी येतात आणि सगळ्या घराला एकत्र बसवून बोलतं करतात. घरबैठक म्हणतात त्याला. मी शिकवते त्या शाळेत त्यांना भेटले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "वडील कुठं असतात?" मी म्हटलं, फौजेत. त्या म्हणाल्या, "त्यांनाही बसावं लागेल. येता आलं तर उत्तम, नाहीतर पत्रातून."

म्हणून लिहिते. तू त्याला चार शब्द लिही. बापासारखे लिही.

तुझी अक्का,
गीता


५६ एपीओ
२५ सप्टेंबर १९८३

गीताअक्कास भिकाजीचा जयभीम.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. गणू गेला याचं दुःख मलाही हाय. चांगला पोर होता. पण माणूस मरतो, अक्का. मी इथं बर्फात गाडलेली माणसं हातानं उकरून काढलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला उभा राहिलो. कुणी मला टॉनिक दिलं नाय.

श्रीपतला आप्पांचं नाव ठेवलंय. आप्पांनी चवदार तळ्यावर काठ्या खाल्ल्या, माहीत हाय ना? त्यांचा नातू दारात बसून राहतो हे लोकांना कळलं तर काय म्हणतील? भित्रेपणा आलाय पोराला, दुसरं काय नाय. आईच्या पदराखाली राहिला, त्याचा परिणाम. पहाटे उठवून त्याला पळायला लावा. वाडीपासून हमरस्त्यापर्यंत आणि परत. अंग दमलं की झोप येईल. सतरा पूर्ण झाले की मी त्याला भरतीला उभा करणार हाय.

भगताकडं नेलात तर मी येसूला तोंड दाखवणार नाय, हे तिला आणि रंगूबाईला सांग. आणि त्या मुंबईच्या बाईंना घरात बसवून आपल्या घरातलं चव्हाट्यावर मांडू नकोस. घरातलं घरात राहू दे.

हे पत्र त्याच्यासमोर वाचून दाखव.

मागच्या छुट्टीत मी त्याला पावसात अंगावर घालायला फौजी बरसाती देऊन आलो. ती सांभाळून ठेव म्हणावं. तसली बाजारात मिळत नाय. आल्यावर बघीन.

भिकाजी


पोलादपूर
२ नोव्हेंबर १९८३

भिकाजी,

तुझं पत्र तू सांगितलंस तसं वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, पण तुझा शब्द मोडवला नाही. तो भिंतीला टेकून ऐकत होता. भित्रेपणाचं वाचलं तेव्हा हलला नाही. शेवटापर्यंत आले आणि एकदम उठून बाहेर गेला. आंब्याखाली ओकला. त्यानंतर दोन दिवस अन्नाला शिवला नाही. मला वाटतं, बापानं भित्रा म्हटलेलं त्याला फार लागलं. पुढच्या वेळी असं लिहू नकोस.

आणि घरबैठक मी केली. तुझ्या मनाविरुद्ध केली, हे लपवत नाही.

अनुपमाताई वाडीवर आल्या तेव्हा बायका कुडाआडून बघत होत्या. "वेड्यांची डॉक्टरीण आली गो," असं कुणीतरी बोललंसुद्धा. त्या ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरीण नाही हो, नुसती बसायला आल्ये." येसूनं चटई टाकली तर त्या शेणानं सारवलेल्या जमिनीवरच बसल्या. औषध नाही, वही-पेन नाही. रंगूबाईला वाटलं, ही कसली बाई, काही देत नाही, घेत नाही.

त्यांनी विचारलं, या घरात कोण कुणाशी बोलतं? येसू म्हणाली, "मी बोलत्ये, कोंबड्यांशी." आम्ही हसलो. हसता हसता येसू रडायला लागली. म्हणाली, "ह्याचा बाप आला की घरात शिस्त असती, आनि गेला की घरात कोन नसतं." श्रीपतनं मान वर करून आईकडं बघितलं. तिला असं काही वाटतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं, भिकाजी.

त्यानंतर तो त्या दिवशी एवढंच बोलला, "परत येणार काय तुम्ही?" आणि त्या दर पंधरवड्याला येतात. पाऊस उघडलाय, तरी तो घाटात जातो, पण आता येसूला सांगून जातो. एकदा तीही त्याच्याबरोबर गेली. दोघं बसली आणि परत आली.

अनुपमाताईंचं म्हणणं आहे की तो काहीतरी गिळून बसलाय आणि ते तुझ्याशिवाय बाहेर येणार नाही. जानेवारीत तुझी सुट्टी असते. ये. बैठकीला नुसता बस, बोलू नकोस हवं तर.

गीता


५६ एपीओ
१० डिसेंबर १९८३

गीताअक्कास जयभीम.

छुट्टी मंजूर झाली होती. जानेवारीची. पण सुभेदारीच्या कोर्सला माझं नाव लागलंय आणि तो त्याच महिन्यात हाय. साहेबांनी विचारलं, भिकाजी, छुट्टी की कोर्स? असा चान्स पुन्हा येत नाय. आपल्या वाडीतून फौजेत इतके गेले, खांद्यावर पट्टी चढून एकही परत आला नाय. मी कोर्स घेतला.

श्रीपतला सांग, बाप सुभेदार होऊन येईल. त्याला अभिमान वाटेल. जूनमध्ये नक्की येतो. पेरणीच्या आधी. पोराला तसं सांगून ठेव.

बैठकीचं तू मला न विचारता केलंस, ते मला पटलेलं नाय. पण तो शाळेत जातोय का, झोपतो का, ते लिही. येसूनं कोंबड्यांचं सांगितलं, ते मी दोनदा वाचलं.

भिकाजी


पोलादपूर
१८ मार्च १९८४

भिकाजी,

हे पत्र लिहायला मी किती दिवस लावले ते माझं मला माहीत. अनुपमाताईंना विचारलं, भावाला हे कळवू का? त्या म्हणाल्या, ते श्रीपतनं ठरवायचं. त्याला विचारलं तर म्हणाला, "आत्ये, तू लिही. मला नाय सांगता यायचं." म्हणून लिहिते.

गेल्या बैठकीला साळूबाई आली. तिला श्रीपतनंच बोलावलं होतं. त्यानं आपण होऊन कुणाला बोलावलं हे पहिल्यांदाच, म्हणून आम्ही खूश होतो. ती दाराशी बसली. गणू गेल्यापासून ती आपल्या घरात पाऊल टाकत नव्हती. येसूही तिच्याकडं जाऊ शकत नव्हती. आपलं पोर जिवंत, कुठल्या तोंडानं जाणार?

श्रीपत म्हणाला, "काकी, गणू माझ्यामुळं गेला."

ती म्हणाली, "येडा काय तू? दरड काय तू ढकललीस?"

"मी पाठवला त्याला."

मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी घाटात आधीच एक लहान दरड येऊन ट्रक अडकले होते. ही दोघं शेंगा उकडून ट्रकवाल्यांना विकायला गेली होती, हे आपल्याला माहीत होतं. शेंगा विकल्या, मातीच्या ढिगावरून अलीकडं आली, घराकडं निघाली. वाटेत श्रीपतच्या ध्यानात आलं की बरसाती पलीकडंच राहिली. झाडाला अडकवली होती. तो गणूला म्हणाला, तू जोरात पळतोस, जाऊन घेऊन ये. गणू म्हणाला, राहू दे रे, उद्या आणू. तर हा म्हणाला, "नाय, बाबा मारतील." गणू हसला आणि पळाला. वरून माती सुटली तेव्हा तो मधोमध होता. ह्यानं त्याला हाक मारली. त्यानं मागं वळून बघितलं, आणि वळला म्हणून थांबला. तो थांबला नसता तर पलीकडं पोचला असता, असं श्रीपतला वाटतं. आठ महिने हे सगळं त्याच्या पोटात होतं.

तो तुझ्या पत्रानंतर का ओकला, ते मला त्या दिवशी कळलं. भित्रा म्हटल्यामुळं नाही.

सांगून झालं. साळूबाई उठून बाहेर गेली. आम्हाला वाटलं, गेली. पण ती आंब्याखाली बसली. येसू तिच्यामागं गेली आणि तिच्या शेजारी बसली. अनुपमाताई आत श्रीपतजवळ होत्या. त्याला उगी असंही म्हणाल्या नाहीत.

मग साळूबाई आत आली. त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "इतकं दिस एकटाच घेऊन बसलास होय रे? मला राग आला नाय असं नाय. आला. पन तुझ्यावर नाय यायचा."

कुणावर ते तिनं सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

तेव्हा श्रीपत रडला, भिकाजी. गणूच्या मातीला रडला नव्हता, तो तेव्हा रडला. साळूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून.

यात तुझा दोष आहे असं मी लिहीत नाही. बाप धाकात ठेवतो, आपल्या आप्पांनीही ठेवलं. पण त्याला आता तुझ्या तोंडून ऐकायचंय की बरसाती गेली तर गेली. एवढंच. आम्ही हजारदा सांगितलं, ते पुरत नाही. जूनची वाट बघतो आहोत. पण जूनपर्यंत थांबू नकोस. एक कार्ड टाक.

अक्का


पोलादपूर
३० जुलै १९८४

भिकाजी,

मार्चचं पत्र पोचलं ना? तार केली तिचंही उत्तर नाही. येसूला पैसे वेळेवर येतात, म्हणून तू बरा आहेस असं आम्ही समजतो.

गणूला वर्ष झालं. साळूबाईकडं वाडी जमली होती. श्रीपतनं पाणी वाढलं. आता तो शाळेत जातो, पुन्हा दहावीला बसणार आहे. झोप लागते. पाऊस जोरात आला की अजून उठून बसतो, पण मग येसूला हाक मारतो.

तू आला नाहीस.

गीता


५६ एपीओ
२५ ऑगस्ट १९८४

गीताअक्कास,

तुझं मार्चचं पत्र मिळालं होतं. एप्रिलपासून खिशात हाय.

काय उत्तर देऊ? तू लिहितेस, 'यात तुझा दोष नाय', आणि सगळं पत्र दोष माझाच सांगतं. म्हणजे गणूला मी मारला? हजार मैलांवर बसून? मी पोराला कधी हात लावला असेल तर दोनदा, तीनदा. वाडीत कोण बाप मारत नाय? एका बरसातीसाठी मी त्याला जिवानिशी मारणार होतो काय? त्याला तसं वाटलं असेल तर ते त्याच्या आईनं बोलून बोलून घातलेलं. नायतर त्या बाईंनी त्याच्या तोंडात घातलेलं.

आणि हे साळूबाईसमोर! आता मी तिच्या दारावरून कसा जाणार, हा विचार कुणी केला काय? मी म्हणालो होतो, घरातलं घरात ठेवा.

जूनमध्ये छुट्टी होती. घेतली नाय. आता खरं सांगतो. पठाणकोटपर्यंत आलो, दोन दिवस स्टेशनवर राहिलो आणि परत गेलो. कुणाला सांगू नकोस.

त्याला काय लिहू ते मला सुचत नाय. फौजेत हुकूम द्यायला शिकलो, घ्यायला शिकलो. हे तिसरं कुणी शिकवलं नाय.

भिकाजी


पोलादपूर
१४ ऑक्टोबर १९८४

भिकाजी,

तुला गणूचा मारेकरी कुणी म्हटलेलं नाही. श्रीपतनं तर नाहीच. तो बैठकीत काय म्हणाला सांगू? म्हणाला, "बाबांना कळलं तर त्यांना वाईट वाटंल, म्हणून मी बोललो नाय." तुझ्या माराला भ्याला तो एकदाच. पुढं तो तुला जपत होता.

एक गोष्ट मी तुझ्यापासून ठेवली होती. आता ठेवत नाही. जूनमध्ये तू येणार म्हणून तो रोज पोलादपूरच्या स्टँडवर यायचा. माझ्या शाळेपाशी थांबायचा, आणि मुंबईची गाडी आली की तिकडं जायचा. मी म्हटलं, अरे, तार येईल तेव्हा जा. तर म्हणाला, "बाबा तार करत नायत, असंच येतात." पाऊस सुरू झाला तरी येत राहिला. महिना संपला तेव्हा मला म्हणाला, "आत्ये, आता बास." रडला नाही, चिडला नाही. त्या संध्याकाळी तो साळूबाईकडं जेवला. तेव्हापासून रोज तिकडंच जेवतो. येसूनंही त्याला अडवलं नाही. साळूबाईच्या घरात गणूचं ताट तसंच पडून होतं, असं येसू म्हणाली.

आणि तू पठाणकोटला होतास. ते दिवस नेमके हेच. हे मी त्याला सांगू का? सांगून त्याला बरं वाटेल की आणखी वाईट, मला कळत नाही. तू सांग, मग सांगेन.

अजून वेळ आहे. अनुपमाताई म्हणतात, बाप कधीही आला तरी चालतो. मी शाळेत मुलं बघते, मला तेवढी खात्री वाटत नाही. मुलं थांबत नाहीत रे, मोठी होतात.

अक्का


वाडी, पोलादपूर
८ नोव्हेंबर १९८७

गीताअक्कास भिकाजीचा जयभीम.

तुझी बदली महाडला झाली आणि मी पेन्शन घेऊन घरी आलो. आपली चुकामूक आयुष्यभराची हाय. तुझ्या त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाय. मधल्या दोन छुट्ट्या आलो तेव्हा तूही विषय काढला नाहीस, मीही नाय. मनात म्हणायचो, कायमचा घरी गेलो की बोलू. आता कायमचा आलोय.

श्रीपत बरा हाय. तू बघतेसच, तुझ्याकडं येतो. औद्योगिक वसाहतीत केमिकलच्या कारखान्यात लागला, पाळीची ड्यूटी. पगार आईच्या हातात देतो. दारू नाय, तंबाखू नाय. लोक म्हणतात, सुभेदाराचा पोर गुणी निघाला. मी मान हलवतो. त्यात माझं काय हाय?

माझ्याशी चांगला वागतो, अक्का. फार चांगला. मी आलो की उठून उभा राहतो. काय हवं नको विचारतो. मी म्हणालो, बस, तर बसतो. मी विचारलं, कारखान्यात कसं काय? तर म्हणतो, ठीक हाय. मग आम्ही दोघं अंगणाकडं बघत बसतो. माझ्या हाताखालचे जवान माझ्याशी असेच वागायचे.

परवा साळूबाईच्या पडवीत तो आणि येसू आणि साळूबाई असे बोलत बसले होते. काय ते हसत होते! मी आमच्या अंगणातून ऐकत होतो. त्याचं हसणं मला माहीतच नव्हतं. खोकल्यासारखं हसतो, आप्पांसारखं. मी तिकडं गेलो नाय. गेलो असतो तर तो उठून उभा राहिला असता.

म्हणून काल महाडला गेलो, त्या अनुपमाताईंना शोधत. म्हटलं, बसवा आता आम्हाला एकत्र. तुझ्याकडं आलो नाय, लाज वाटली. संस्थेच्या खोलीला कुलूप. खाली शिवणकाम करणारा म्हणाला, बंद होऊन वर्ष झालं, बाई लग्न होऊन तिकडं नागपूरकडं गेल्या. मी जिन्यात बसलो थोडा वेळ. मग गाडी पकडली.

तू ये. तू त्या बैठका बघितल्यास. आमच्यात बस आणि सुरू कर.

भिकाजी


महाड
१५ नोव्हेंबर १९८७

भिकाजी,

तू महाडात येऊन माझ्या दारावरून परत गेलास, हे वाचून मला राग आला. पुन्हा असं करू नकोस.

मी येईन, पण बैठक मला सुरू करता येणार नाही. तुमच्या दोघांत मी इतकी वर्षं बोलणं पोचवत बसले. तुझं त्याला, त्याचं तुला. आता मधे बसायला मला नको बोलावू.

अनुपमाताई असत्या तर त्यांनी पहिलं काय विचारलं असतं ते सांगते. त्यांनी विचारलं असतं, साळूबाईच्या दारात कधी गेलात? गणू जाऊन चार वर्षं झाली. तू दोनदा सुट्टीवर आलास, आता पेन्शनीत आलास. तिचा मुलगा गेला, तुझ्याच घरच्या कामाला गेला, आणि तू तिच्या दारावर 'वाईट झालं' म्हणायलाही गेला नाहीस. श्रीपतनं हे मला बोलून दाखवलेलं नाही. पण तो रोज त्या घरी जेवतो. त्याला दिसत नसेल का?

तिच्याकडं जा. श्रीपतसाठी जाऊ नकोस, गणूसाठी जा.

अक्का


वाडी, पोलादपूर
२ डिसेंबर १९८७

गीताअक्कास,

काल गेलो.

दुपारभर कपडे बदलत होतो म्हणशील तर खोटं नाय. येसू म्हणाली, "दोन अंगनं वलांडायची हायत, सायबाकडं जायचं नाय." दिवस कलताना गेलो. साळूबाई तांदूळ निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं नाय. म्हणाली, "या भावजी. बसा."

मी बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते गेलं. शेवटी एवढंच म्हणालो, "साळूबाई, त्या बरसातीची मला काय किंमत नव्हती. मी उगाच धाक दाखवायला बोलायचो."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय मला. सगळे बाप बोलतात. माझा घोव, गणूचा बाप, पन बोलायचा."

मी म्हणालो, "गणूसाठी मी आधीच यायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. नाय म्हणाली. मला ते बरं वाटलं, अक्का. कुणीतरी सरळ बोललं.

मग मी श्रीपतचा विषय काढला. म्हणालो, तो माझ्याशी बोलत नाय. तुमच्याशी बोलतो. मी काय करू म्हणजे तो माझ्यापाशी मोकळा होईल? तिनं तेव्हा सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तवा आला असतात, भावजी, तर पोर तुमच्यापाशी रडलं असतं. रोज मोटरीच्या वाटंवर डोळं लावून बसायचं. आता त्याचं रडून झालंय."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. तांदळात खडा सापडला तर सांगावा तशी बोलली. मी मान खाली घालून बसून राहिलो. उठावं असं वाटलं, पण उठलो नाय. पठाणकोटवरून एकदा उठून गेलो होतो, त्याची याद होती.

तेवढ्यात श्रीपत पाळी संपवून आला. मी दिसल्यावर उंबऱ्यातच थबकला. मला वाटलं, आता उभा राहणार, काय हवं विचारणार. पण ते त्याचं घर असल्यासारखं त्यानं पायातली चप्पल काढली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसला. साळूबाईनं ताट दिलं. भाकरी आणि वालाची आमटी. तो एक घास जेवला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला,

"बाबा, जेवलात काय?"

नुसतं तेवढंच. पण हे तो मला विचारायचं म्हणून विचारत नव्हता. त्याचा हात भाकरीवर थांबला होता. माझ्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, धास्तीनं गेलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "जेवलो. तू जेव."

सवय, अक्का. फौजेत कुणी विचारलं, ठीक? की ठीक म्हणायचं. तोंडातून निघून गेलं. त्यानं "बरं" म्हटलं आणि मान खाली घालून जेवला. साळूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी जेवण होईपर्यंत बसलो, मग घरी आलो. येसूनं ताट वाढलं, ते गेलं नाय.

रात्रभर विचार केला. पोरगा चार वर्षांनी एक पाऊल पुढं आला, आणि मी एवढं एक 'नाय' म्हणू शकलो नाय.

आज त्याची पाळी पुन्हा सांजेला सुटते. मी येसूला सांगितलंय, आज माझा भात शिजवू नको. साळूबाईकडं जाणार हाय. उपाशी जाणार हाय.

भिकाजी